ऑस्टिनचे दीड लाख डॉलर की म्युनिकचे ७५,००० युरो?

प्रश्न असा आहे: पुण्यातलं जोडपं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी तीन वर्षांची. एकाला अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या ऑस्टिनमधून वर्षाला १,५०,००० डॉलरची आणि जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यातल्या म्युनिकमधून ७५,००० युरोची ऑफर आहे. "अमेरिकेत पैसा, युरोपात आयुष्य" असं जो तो सांगतो. ते कितपत खरं, आणि ठरवायचं कसं?

निम्मं खरं आहे. पण ते ज्या आकड्यांवर ठरवलं जातं, ते आकडे बहुतेकदा चुकीचे असतात. शिवाय "युरोप" म्हणून काही एक ठिकाण नाही. युरोपीय संघाने फक्त खालची पातळी ठरवून दिली आहे: वर्षाला किमान ४ आठवडे पगारी रजा, कामाच्या दोन दिवसांच्या मध्ये सलग ११ तास विश्रांती, आठवड्याला सरासरी ४८ तासांची कमाल मर्यादा. त्यावर प्रत्येक देशाने आपापले मजले चढवले. फ्रान्समध्ये ५ आठवडे रजा आणि कागदावर ३५ तासांचा आठवडा. पण तिथले बरेच इंजिनिअर वर्षाला २१८ दिवसांच्या करारावर असतात, त्यांना तासांचा हिशोबच लागू नाही. नेदरलँड्समध्ये पगाराच्या ८ टक्के सुट्टीभत्ता सहसा मे महिन्यात वेगळा मिळतो. अमेरिकेतही कॅलिफोर्निया आणि टेक्सास हे कामगार कायद्याच्या बाबतीत दोन देशच समजा. म्हणून पुढचं सगळं ऑस्टिन आणि म्युनिकपुरतं.

आधी पैशाचं बघू. टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही. २०२५ च्या दरांनी, नवरा-बायकोने एकत्र विवरण भरलं, तर दीड लाखांवर फेडरल (केंद्राचा) कर सोळा हजारांच्या आसपास जातो, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे (पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्याची वर्गणी) ७.६५ टक्के म्हणजे ११,४७५ डॉलर. हातात महिन्याला सुमारे १०,२०० डॉलर. मुलीच्या नावाचं टॅक्स क्रेडिट मात्र जमेत धरू नका. ते पूर्ण मिळायला मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो आणि एच-फोर व्हिसावर (एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) आलेल्या मुलाला तो मिळत नाही. मग आयटिन (फक्त करापुरता मिळणारा क्रमांक) काढून फक्त ५०० डॉलरची सवलत पदरात पडते. पगाराची ऑनलाइन गणितं हे धरत नाहीत.

म्युनिकमध्ये ७५,००० युरोवर, जोडीदार सोबत राहतो आहे आणि कमवत नाही असं धरून कर-वर्ग तीन (विवाहितांचा, पगारातून कमी कर कापणारा गट) मिळाला, तर महिन्याला ४,३०० युरोच्या जवळपास हातात येतात, वर मुलीचा किंडरगेल्ड (सरकारी बालभत्ता), २०२५ मध्ये २५५ युरो. हाच माणूस एकटा, वर्ग एकमध्ये असेल तर ३,७०० ते ३,८००. जोडीदार भारतातच असेल तोवर वर्ग एकच लागतो. शिवाय नगरपालिकेत पत्त्याची नोंद करताना विवाह दाखल्याचं अधिकृत जर्मन भाषांतर दिलं नाही, तर दोघं एकत्र राहत असूनही अविवाहिताचा कर कापला जातो. पुढच्या वर्षी विवरण भरून परत मिळतो, पण पहिले काही महिने, नेमके घराची अनामत भरायची तेव्हाच, हात आखडतो. त्याच अर्जावर धर्माचा रकाना असतो. तिथे कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट लिहिलं, तर बव्हेरियात आयकराच्या ८ टक्के चर्च कर लागतो. हिंदूंना लागत नाही.

आता खर्च. ऑस्टिनमध्ये दोन बेडरूमचं घर २,००० डॉलरच्या आसपास, डेकेअर दीड हजार, दोन गाड्यांचा हप्ता, विमा आणि पेट्रोल मिळून हजार-बाराशे, आरोग्यविम्यातला तुमचा वाटा पाचशेच्या आसपास. किराणा-वाणसामान धरून महिन्याला साडेतीन ते चार हजार डॉलर शिल्लक राहू शकतात. म्युनिक हे जर्मनीतलं भाड्याच्या बाबतीत सर्वांत महाग शहर; हीटिंग धरून २,००० ते २,२०० युरो घरालाच जातात. गाडी नसली तरी चालते, बालवाडी स्वस्त, आरोग्यविमा पगारातून आधीच कापलेला. तरी शिल्लक हजार युरोच्या आसपासच. म्हणजे एका पगारावर ऑस्टिन तिप्पट वाचवून देतं. "जर्मनीत सगळं फुकट असतं, त्यामुळे शेवटी सारखंच पडतं" असं कोणी सांगितलं तर त्याने बेरीज केलेली नाही.

पण इथे एक ओळ अशी आहे जी सगळा हिशोब फिरवते, आणि ती पगारपत्रकात नसते: जोडीदाराला काम करता येतं का? ब्लू कार्डधारकाच्या (उच्चशिक्षितांसाठीचा युरोपीय संघाचा काम-वास्तव्य परवाना) जोडीदाराला जर्मनीत पहिल्या दिवसापासून कुठलीही नोकरी करता येते, व्हिसासाठी भाषेचा दाखलाही मागत नाहीत. एच-फोरवर आलेल्या जोडीदाराला अमेरिकेत काम करता येत नाही. एच-वन-बीवाल्याचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला की मगच वर्क परमिटचा अर्ज, आणि कंपनीने ग्रीन कार्डची प्रक्रिया लगेच सुरू केली तरी तिथवर पोहोचायला दोन वर्षं सहज जातात. म्युनिकमध्ये जोडीदाराला ६०,००० युरोची नोकरी लागली तर घरात महिन्याला अडीच हजारांच्या आसपास भर पडते आणि ऑस्टिनची आघाडी जवळपास संपते. दोघंही सॉफ्टवेअरमधले असताना एकाच पगाराची तुलना करत बसणं हीच मोठी चूक. जर्मन येत नसेल तर दुसऱ्या नोकरीला सहा महिने ते वर्ष लागू शकतं, हेही धरा. म्युनिकमध्ये इंग्रजीवर चालणाऱ्या कंपन्या आहेत, पण त्या सगळ्यांच्याच यादीत असतात.

दोघं कमवायला लागलात की वर्ग तीन आणि पाचची जोडी (एकाचा कर कमी कापला जातो, दुसऱ्याचा जास्त) मोडायची की नाही हा प्रश्न येतो. वर्ग पाचमधल्या जोडीदाराच्या हातात फार कमी पगार येतो. वर्षाअखेर एकूण कर तेवढाच, त्यामुळे लोक दुर्लक्ष करतात. पण बेकारभत्ता आणि बाळाच्या वेळचा एल्टर्नगेल्ड (पालकभत्ता) हे दोन्ही हातात येणाऱ्या पगारावरून ठरतात. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आईचा कर-वर्ग मातृत्व रजा सुरू होण्याच्या किमान सात महिने आधी बदललेला हवा. उशीर झाला तर महिन्याला काही शे युरो, वर्षभर, हातचे जातात.

कामाच्या तासांबद्दल जो आकडा सगळीकडे फिरतो तो असा: २०२३ मध्ये अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १,८०० तास काम, जर्मनीत सुमारे १,३४०. आकडा बरोबर आहे, पण त्यावरून जर्मन माणूस दुपारी तीनला घरी जातो असं समजू नका. तिथे अर्धवेळ काम करणारे, विशेषतः स्त्रिया, खूप आहेत आणि सरासरी त्यांनी खाली ओढलेली आहे. पूर्णवेळ इंजिनिअर ३८ ते ४० तासांच्या करारावर असतो. धातू-विद्युत उद्योगाच्या वेतनकराराखाली असलेल्या कंपनीत ३५. खरा फरक वर्षाच्या आठवड्यांत आहे. कायद्याने २० दिवस, प्रत्यक्षात सहसा २८ ते ३० दिवस रजा, शिवाय म्युनिकमध्ये १३ सार्वजनिक सुट्ट्या. रजेत आजारी पडलात आणि डॉक्टरचा दाखला असला तर ते दिवस रजेतून वजा होत नाहीत. अमेरिकेच्या संघीय कायद्यात पगारी रजेचा एकही दिवस नाही. जे मिळतं ते कंपनीच्या मर्जीने, साधारण १५ दिवस, आणि बऱ्याच ठिकाणी आजारपणही त्यातच.

"अमर्याद रजा" असं ऑफर लेटरमध्ये लिहिलं असेल तर हुरळून जाऊ नका. साठत जाणारी रजा नसली की नोकरी सोडताना तिचे पैसे मिळण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि किती घेणं "योग्य" हे टीममधल्या सर्वांत कमी रजा घेणाऱ्यावरून ठरतं. मॅनेजरला सरळ विचारा: गेल्या वर्षी तुमच्या टीममध्ये सरासरी किती दिवस रजा झाली? उत्तर चाचरत आलं तर समजून घ्या. म्युनिकहून दिवाळीला तीन-चार आठवडे घरी येणं कोणाला खटकत नाही, फक्त जानेवारीतच तारखा सांगा. ऑगस्ट मात्र शाळकरी मुलं असलेल्यांचा असतो, तिथे तुमची पाळी मागून.

वागण्याबोलण्यातला फरक लोक गमतीने सांगतात, पण त्यात नोकऱ्या जातात. ऑस्टिनमध्ये मॅनेजर सतत "ग्रेट जॉब" म्हणतो, आणि सहा महिन्यांनी पीआयपी (ठरावीक मुदतीत काम सुधारा, अशी लेखी ताकीद) हातात देतो. कौतुकाची भाषा हा तिथला शिष्टाचार आहे, मूल्यमापन नव्हे. खरं मूल्यमापन लेखी पुनरावलोकनात आणि बोनसच्या आकड्यात असतं. पीआयपी म्हणजे बहुतेक वेळा कंपनी फाइल तयार करते आहे. व्हिसावर असाल तर त्याच संध्याकाळपासून दुसरी नोकरी शोधायची. तिथे आपलं काम आपणच बोलून दाखवावं लागतं. मान खाली घालून काम केलं की साहेबाच्या लक्षात येईल, ही आपल्याकडची समजूत ऑस्टिनमध्ये बढती खाते.

म्युनिकमध्ये उलट. टीका तोंडावर, चारचौघांत, आवाज न चढवता होते आणि मीटिंग संपली की विषयही संपतो. निर्णय व्हायला वेळ लागतो, कारण आधी सगळ्यांचे आक्षेप काढून घेतात. एकदा ठरलं की मात्र बदलत नाही. भारतातून गेलेले इथे ठरावीक ठिकाणी अडखळतात. "शुक्रवारपर्यंत होईल का?" ला "हो" म्हणतात आणि गुरुवारी अडचण सांगतात, तिथे सोमवारी "नाही, बुधवार लागेल" म्हणणारा भरवशाचा ठरतो. रात्री अकराला ई-मेलला उत्तर दिल्याने निष्ठा सिद्ध होत नाही, उलट ११ तासांच्या विश्रांतीचा नियम मोडल्याबद्दल कामगार प्रतिनिधींची समिती मॅनेजरलाच विचारते. आणि हो, वेग हवा असणाऱ्या माणसाला म्युनिक चिडचिडं करू शकतं. ऑस्टिनमध्ये तीन आठवड्यांत जे बाजारात जाईल त्याला इथे तिमाही लागते. पंचविशी-तिशीत झपाट्याने शिकायचं असेल तर हा तोटा खराच आहे.

नोकरी गेली तर काय, हे मात्र दोन्ही ऑफरांच्या पत्रात कुठेच नसतं. टेक्सासमध्ये कारण न देता, नोटीस न देता काढता येतं. शंभर किंवा त्याहून जास्त माणसांच्या कंपनीने सामूहिक कपात केली तर ६० दिवसांची सूचना, एवढंच. एच-वन-बीवाल्याकडे नवी नोकरी किंवा दुसरा व्हिसा मिळवायला जास्तीत जास्त ६० दिवस असतात. विमा कोब्राखाली (नोकरी गेल्यावर कंपनीचा विमा चालू ठेवू देणारा कायदा) १८ महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही तुम्हीच भरायचा, वर २ टक्के. २०२४ मध्ये कुटुंबाच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता २५,५७२ डॉलर होता. म्हणजे पगार बंद असताना महिन्याला २,१०० डॉलरहून जास्त.

आणि विमा असतानाही खर्च असतोच: २०२५ साठी कुटुंबाच्या खिशातून जाण्याची कायदेशीर कमाल मर्यादा १८,४०० डॉलर, तीही जाळ्यातल्या, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या, डॉक्टर-हॉस्पिटलांपुरती. २०२२ पासून आपत्कालीन उपचारात जाळ्याबाहेरच्या बिलांना आळा बसला, पण रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स त्यातून वगळलेली आहे. ऑस्टिनला जाणाऱ्याने पहिल्या वर्षाच्या शिलकीतून ही कमाल रक्कम आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय "तिप्पट बचत" असं म्हणू नये.

म्युनिकमध्ये पहिले सहा महिने तुम्हीही कच्चेच असता. दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढतात. त्यानंतर, दहाहून जास्त माणसांची कंपनी असेल तर, काढायला कायद्याने मान्य कारण लागतं. तिथे माणसं अडकतात ती दोन कागदांत. कंपनी बरेचदा आपसातल्या समझोत्याचा करार पुढे करते, वर काही महिन्यांचा पगार देऊ करते. जागेवर सही केली तर बेकारभत्ता १२ आठवडे रोखला जाऊ शकतो. सही न करता घरी न्या, वकिलाला दाखवा. आणि बडतर्फीचं पत्र आलं असेल तर कामगार न्यायालयात जायची मुदत फक्त तीन आठवडे. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे अर्धा पगार ही भरपाईची रुळलेली फूटपट्टी आहे. ती हक्क म्हणून मिळत नाही, दावा दाखल केल्यावर वाटाघाटीत मिळते. रोजगार कार्यालयात नोंद पत्र हातात पडल्यापासून तीन दिवसांत करायची. दोन वर्षं वर्गणी भरलेली असेल तर मूल असलेल्याला हातात येणाऱ्या पगाराच्या ६७ टक्के, १२ महिन्यांपर्यंत. याची दुसरी बाजू अशी की तुम्हालाही सोडताना सहसा तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. अमेरिकेत दर दोन-तीन वर्षांनी नोकरी बदलून पगार वाढवतात; जर्मनीत ते चाक हळू फिरतं.

आजारपणात म्युनिकची कंपनी सहा आठवडे पूर्ण पगार देते, मग विमा कंपनी एकूण पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत. मूल आजारी पडलं तर दोघांपैकी प्रत्येकाला वर्षाला १५ दिवस. पहिल्या दिवशी कामाची वेळ सुरू होण्याआधी कळवणं एवढी अट मात्र कडक आहे. अमेरिकेत संघीय कायदा १२ आठवडे रजा देतो, तीही बिनपगारी, कंपनीत ५० माणसं आणि तुमची १२ महिने सेवा असेल तरच.

व्हिसाबद्दल कोणी गोड बोलत असेल तर ऐकू नका. भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डच्या ईबी-टू (उच्चशिक्षितांच्या) रांगेत २०२५ साली २०१३ च्या आसपासचे अर्ज चालू होते. आज अर्ज करणाऱ्याने नोकरीच्या जोरावर आपली पाळी येईल हे गृहीत धरूच नये. मुलगी २१ वर्षांची झाली की तुमच्या अर्जातून बाहेर पडू शकते, हा हिशोब तीन वर्षांच्या मुलीसाठीही करून ठेवावा लागतो. शिवाय सप्टेंबर २०२५ च्या घोषणेने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जावर १,००,००० डॉलर भरण्याची अट घातली. ऑफर एच-वन-बीवर आहे की कंपनीच्या पुणे शाखेतून बदलीच्या एल-वन व्हिसावर, हे आधी विचारा. एल-वनवर जोडीदाराला काम करता येतं, पण तुम्हाला कंपनी बदलता येत नाही. जर्मनीत ब्लू कार्डवर बी-वन पातळीचं जर्मन असेल तर २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळतं, ए-वन असेल तर २७ महिन्यांत. नागरिकत्व पाच वर्षांनी, पण त्यासाठी भारतीय पासपोर्ट सोडावा लागतो. म्युनिक जवळपास ठरलं असेल तर पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात दोघांनीही ए-वन इथूनच सुरू करा. तिथे गेल्यावर नोकरी सांभाळून बी-वनला वर्ष-दीड वर्ष जातं, आणि भाषेशिवाय म्युनिक एकाकी आहे. ऑस्टिनमध्ये पहिल्या आठवड्यात शेजारी ओळख करून घेतील. म्युनिकमध्ये वर्ष लागेल. महाराष्ट्र मंडळ दोन्ही देशांत भेटतं, पण ते दर रविवारी नसतं, आणि जर्मनीत रविवारी दुकानंही बंद.

शाळेचं एक सांगून ठेवतो. ऑस्टिनमध्ये घराचा पत्ता शाळा ठरवतो, म्हणून चांगल्या डिस्ट्रिक्टमधलं भाडं जास्त. बव्हेरियात चौथीच्या गुणांवर मूल कुठल्या प्रकारच्या शाळेत जाणार ते ठरतं; गिम्नॅसियमसाठी (विद्यापीठाकडे नेणारी शाळा) जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास मिळून सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली हवी, आणि तिथे १ हा सर्वांत चांगला गुण. तीन वर्षांची मुलगी लगेच जर्मन बालवाडीत गेली तर अडचण नाही. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन जाणाऱ्याला मात्र मी म्युनिक सुचवताना दहादा विचार करीन. बालवाडीच्या जागेचा हक्क कायद्याने आहे, जागा प्रत्यक्षात कमी आहेत. शहराच्या पोर्टलवर नोंद पत्ता मिळाल्याच्या दिवशीच करा.

निवृत्तीचंही पाहा. अमेरिकेशी भारताचा सामाजिक सुरक्षेचा करार नाही. ४० क्रेडिट, म्हणजे किमान दहा वर्षं, भरायच्या आत परतलात तर दीड लाख पगारावर वर्षाला ९,३०० डॉलर वर्गणी तशीच जाते. जर्मनीशी सर्वंकष करार १ मे २०१७ पासून लागू आहे. ६० महिने भरले की पेन्शन भारतात बसूनही मिळतं.

या जोडप्याला माझं उत्तर म्युनिक, कारण दोघंही कमावणारे आहेत आणि मुलगी लहान आहे. एकटा, तिशीच्या आतला, पाच-सहा वर्षांत पैसे साठवून पुण्याला परतायचंच असं पक्कं असलेला माणूस असता तर ऑस्टिन सांगितलं असतं, तेही व्हिसा हातात पडल्यावरच राजीनामा दे म्हणून. सही करण्याआधी म्युनिकच्या कंपनीकडून लेखी घ्या: रजेचे दिवस, वेतनकरार लागू आहे का, ओव्हरटाइम पगारात "धरलेला" आहे का आणि किती तासांपर्यंत, नोटिशीची मुदत, स्थलांतराचा खर्च परत मागण्याची अट. ऑस्टिनच्या कंपनीकडून: व्हिसाचा प्रकार आणि फी कोण भरणार, ग्रीन कार्डचा पहिला टप्पा कोणत्या महिन्यात सुरू करणार, विम्याचा हप्ता, डिडक्टिबल (विमा लागू होण्याआधी आपण भरायची रक्कम) आणि खिशातली कमाल मर्यादा, साइनिंग बोनस किती महिन्यांत सोडलं तर परत द्यावा लागतो, आणि शेअर दिले असतील तर पहिला हप्ता किती महिन्यांनी हातात येतो. फोनवर मिळालेल्या उत्तराची त्याच दिवशी ई-मेलने खातरजमा करून घ्या.